सुपरग्रुप सरळ, क्वोशंट वाकडा: संमिश्र सुपरभूमितीत शिरू पाहणाऱ्यांसाठी

संमिश्र सुपरग्रुप आणि एकजिनसी सुपरमॅनिफोल्ड या विषयाचं नाव ऐकूनच बरेच जण मागे फिरतात. पुस्तक उघडलं तर पहिल्या दहा पानांत शीफ, कॅटेगरी, फंक्टर, आणि उदाहरण मात्र कुठेच नाही. मीही असाच दोनदा फिरलो होतो. तिसऱ्या खेपेला पुस्तक बाजूला ठेवून एकच उदाहरण शेवटपर्यंत हाताने सोडवलं आणि मग विषय उघडला. हा लेख त्याच वाटेने जातो. शेवटी जे गणित येईल ते अर्ध्या पानात मावतं, आणि विषयातली सगळ्यात मजेदार गोष्ट त्यातच दिसते: संमिश्र ली सुपरग्रुप स्वतः नेहमी सरळसोट असतो, पण त्याला उपग्रुपने भागून काढलेला क्वोशंट तसा असेलच असं नाही.

शब्दांबद्दल एक खुलासा आधीच करतो. ग्रुप, मॅनिफोल्ड, शीफ, बंडल हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण या विषयावर बोलताना सगळे हेच बोलतात. सम आणि विषम मात्र मराठीत छान बसतात. ज्याच्यावर ग्रुपची क्रिया सगळीकडे पोहोचते, म्हणजे कुठलाही कोपरा वेगळा राहत नाही, त्याला मी एकजिनसी म्हणेन.

आधी हातात काय हवं

संमिश्र मॅनिफोल्डची व्याख्या, ली ग्रुप आणि ली बीजगणित यांची तोंडओळख, आणि शीफ म्हणजे काय याची ढोबळ कल्पना. भौतिकशास्त्र येत नसलं तरी काही अडत नाही. सुपरसिमेट्रीमुळे १९७०च्या दशकात या विषयाला जोर आला हे खरं, पण त्यातली भूमिती स्वतंत्रपणे शिकता येते.

एक गोष्ट मात्र पाठच हवी: संमिश्र प्रक्षेपी रेषेवरचे रेषा-बंडल. ही रेषा दोन तुकड्यांनी झाकली जाते. एकावर निर्देशक त, दुसऱ्यावर त′, आणि दोघांत त′ = १/त. प्रत्येक पूर्णांक न साठी एक बंडल ओ(न) असतं. न शून्य किंवा धन असेल तर त्याच्या सार्वत्रिक छेदांची (ग्लोबल सेक्शन) मिती न+१. न ऋण असेल तर शून्याखेरीज एकही छेद नाही. पहिला कोहोमॉलॉजी ग्रुप याच्या उलट वागतो: न ≥ १ असताना ओ(−न) साठी त्याची मिती न−१. एवढ्या चार वाक्यांवर पुढचं सगळं उभं आहे. ती पटत नसतील तर इथेच थांबून लॉरां श्रेणी मांडून पाहा. एका तुकड्यावर धन घाती, दुसऱ्यावर ऋण घाती, आणि दोन्हींच्या मध्ये ज्या घाती उरतात त्यांचाच कोहोमॉलॉजी ग्रुप.

पायरी पहिली: विषम चलांवर हात बसवा

प आणि फ हे विषम चल आहेत असं म्हटलं की नियम एकच: दोन विषम गोष्टी एकमेकींना ओलांडतात तेव्हा उणे चिन्ह येतं. म्हणून प·फ = −फ·प, आणि प² = ०. एक सम चल त आणि दोन विषम चल असतील तर कुठलंही फलन चार तुकड्यांचं: एक नुसतं त चं, एक प ला चिकटलेलं, एक फ ला, आणि एक प·फ ला. पाचवा तुकडा येऊच शकत नाही.

त्यामुळे इथली टेलर श्रेणी दुसऱ्या पदातच संपते. उ हे त चं फलन असेल तर

उ(त + प·फ) = उ(त) + उ′(त)·प·फ

आणि खास करून

१/(त + प·फ) = १/त − प·फ/त².

अनंत श्रेणी नाही, अभिसरणाची चिंता नाही. वाटतं त्यापेक्षा हे गणित सोपं आहे. फक्त चिन्हं सांभाळावी लागतात. ∂/∂फ हे विषम विकलन आहे, म्हणून प·फ वर ते चालवताना आधी प ला ओलांडावं लागतं, आणि उत्तर प नव्हे, −प येतं. हे एक उणे चिन्ह मी एकदा गाळलं. त्यामुळे एक सदिश क्षेत्र दुसऱ्या तुकड्यावर जाताना भलतंच काही तरी होऊ लागलं, आणि चूक माझ्या वहीत असताना मी दोन संध्याकाळी प्रमेयात खोट शोधत बसलो होतो. तुम्ही तेवढा वेळ वाचवा: विषम विकलनाची प्रत्येक ओळ लिहिताना कोण कोणाला ओलांडतंय ते मोठ्याने म्हणा.

पायरी दुसरी: सुपरमॅनिफोल्ड आणि «स्प्लिट» हा शब्द

सुपरमॅनिफोल्ड म्हणजे एक नेहमीचा मॅनिफोल्ड, त्याला गाभा म्हणू, आणि त्यावर फलनांचं एक शीफ. या शीफमध्ये जवळून पाहिलं तर नेहमीच्या फलनांबरोबर काही विषम चल मिसळलेले दिसतात. गाभ्याची मिती १ आणि विषम चल २ असतील तर मिती १|२ असं लिहितात. बिंदू मात्र फक्त गाभ्याचेच. विषम दिशेला बिंदू नसतात, तिथे असतात ती फक्त फलनं. नवख्याला सगळ्यात जास्त हेच छळतं, आणि त्यावर उपाय एकच: सुपरमॅनिफोल्डचं चित्र काढायचा नाद सोडा आणि संक्रमण सूत्रं लिहा.

आता महत्त्वाचा शब्द. विषम फलनांनी तयार होणाऱ्या आदर्शाला (आयडियल) त्याच्या वर्गाने भागलं की गाभ्यावर एक साधं सदिश बंडल मिळतं. याला विषम बंडल म्हणू. उलट बाजूने, कुठलंही सदिश बंडल घ्या, त्याचं बाह्य बीजगणित (एक्सटीरियर अल्जेब्रा) घ्या, आणि तेच फलनांचं शीफ आहे असं जाहीर करा. एक सुपरमॅनिफोल्ड तयार झाला. अशा मार्गाने जो मिळतो त्याला स्प्लिट म्हणतात. प्रश्न असा की प्रत्येक सुपरमॅनिफोल्ड असाच मिळतो का.

गुळगुळीत, म्हणजे वास्तव, जगात उत्तर हो आहे. मार्जरी बॅचेलर यांचं १९७९चं प्रमेय हेच सांगतं. तिथे एकाचे तुकडे करणारी फलनं (पार्टिशन ऑफ युनिटी) हाताशी असतात, त्यांनी सगळे कंगोरे घासून सपाट करता येतात. होलोमॉर्फिक, म्हणजे संमिश्र, जगात अशी फलनं नसतात. १९८२ मध्ये पॉल ग्रीन यांनी होलोमॉर्फिक सुपरमॅनिफोल्डचा अभ्यास करून दाखवलं की तिथे अडथळा खराखुरा असतो आणि तो कोहोमॉलॉजीत मोजता येतो. संमिश्र सुपरभूमिती हा वेगळा विषय का, त्याचं उत्तर या फरकात आहे. वास्तव बाजूला विषय बंडलपाशी येऊन थांबतो, संमिश्र बाजूला तिथून सुरू होतो.

दोन विषम चल असताना अडथळा कुठे राहतो ते लक्षात ठेवा: स्पर्श बंडल गुणिले विषम बंडलाचा दुसरा बाह्य घात, यांच्या पहिल्या कोहोमॉलॉजी ग्रुपमध्ये. गाभा प्रक्षेपी रेषा आणि विषम बंडल ओ(−म) ⊕ ओ(−न) असेल, तर रेषेचं स्पर्श बंडल ओ(२) असल्याने हा ग्रुप ओ(२−म−न) चा होतो. म+न किमान ४ असेल तर त्याची मिती म+न−३. त्याहून लहान असेल तर शून्य, आणि सुपरमॅनिफोल्ड स्प्लिट असण्यावाचून गत्यंतर नाही.

पायरी तिसरी: सुपरग्रुप

ग्रुप म्हणजे गुणाकार, व्यस्त आणि एकक. सुपरग्रुपमध्ये हे तिन्ही आहेत, पण बिंदूंचा गुणाकार म्हणून नव्हे, सुपरमॅनिफोल्डांमधल्या नकाशांच्या रूपात. सगळ्यात लहान सांगण्याजोगं उदाहरण १|१ मितीचं:

(त, प)·(स, फ) = (त + स + प·फ, प + फ).

सहयोगी नियम तपासून पाहा, दोन ओळींत होतं. व्यस्त (−त, −प). गाभा म्हणजे संमिश्र संख्यांची बेरीज, क्रमनिरपेक्ष. पण सुपरग्रुप क्रमनिरपेक्ष नाही, कारण अदलाबदल केली की प·फ चं चिन्ह बदलतं. बिंदूंकडे पाहून हे कधीच कळलं नसतं. आता याचं डावीकडून अचल असलेलं विषम सदिश क्षेत्र काढा. ते ∂/∂प − प·∂/∂त असं येतं, आणि त्याचा वर्ग −∂/∂त. म्हणजे विषम दिशेने दोनदा ढकललं की गाभ्यात सरकतं. चिन्ह सोडलं तर सरकण्याचं हे जणू वर्गमूळ. भौतिकशास्त्रज्ञ ज्याला सुपरसिमेट्री म्हणतात त्याचा सांगाडा हाच.

दुसरं उदाहरण जीएल(१|१): दोन बाय दोनचे मॅट्रिक्स, कर्णावर सम क आणि घ, कर्णाबाहेर विषम प आणि फ. व्यस्त असण्यासाठी क आणि घ शून्येतर असले की पुरे, प आणि फ ला विचारायचीही गरज नाही. निश्चयकाच्या जागी इथे बेरेझिनियन येतो:

(क − प·फ/घ) / घ.

गुणाकार जपणारी ही राशी फेलिक्स बेरेझिन यांच्या नावाने ओळखली जाते. खाली घ का आणि वर का नाही, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. थोडक्यात, विषम दिशेला मोजमाप उलट चालतं. जीएल(म|न) मध्येही असंच. मिती म²+न² | २मन.

«मॅट्रिक्समध्ये विषम चल ठेवायचे, पण बिंदू तर फक्त कर्णाचेच, मग मी गुणतोय तरी काय?» ही शंका रास्त आहे. तुम्ही बिंदू गुणत नाही. एखादं बाहेरचं बीजगणित घ्या ज्यात विषम घटक आहेत, आणि मॅट्रिक्सच्या नोंदी त्यातून निवडा. अशा प्रत्येक बीजगणितासाठी एक नेहमीचा ग्रुप मिळतो. सुपरग्रुप म्हणजे या सगळ्या ग्रुपांचा मिळून एक कारभार. यालाच बिंदूंचा फंक्टर म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम मात्र «अक्षरांच्या जागी काय घालता येतं» एवढंच.

पायरी चौथी: हरीश-चंद्र जोडी, आणि ग्रुप सरळ का

इथे विषय खूप हलका होतो. सुपरग्रुपची सगळी माहिती एका जोडीत मावते: गाभ्याचा संमिश्र ली ग्रुप, आणि एक ली सुपरबीजगणित, ज्याचा सम भाग त्या ग्रुपचं ली बीजगणित आहे. भर म्हणून ग्रुपची त्या सगळ्यावरची क्रिया, नेहमीच्या क्रियेशी जुळणारी. या जोडीला हरीश-चंद्र जोडी म्हणतात. हरीश-चंद्र यांनी स्वतः सुपरग्रुपांवर काम केलं म्हणून नव्हे, तर त्यांच्या सादरीकरण सिद्धांतात (रिप्रेझेंटेशन थिअरी) ग्रुप आणि बीजगणित असंच हातात हात घालून येतात म्हणून. १९७७ मध्ये बर्ट्रम कॉस्टंट यांनी ही मांडणी वास्तव बाजूला रुजवली, आणि संमिश्र बाजूलाही ती तशीच चालते. त्याच वर्षी व्हिक्टर कात्स यांचं साध्या ली सुपरबीजगणितांचं वर्गीकरण प्रसिद्ध झालं. आपल्याला त्यातलं ओएसपी (ऑर्थोसिम्प्लेक्टिक) कुटुंब लवकरच लागणार आहे.

जोडीतून फलनं परत कशी मिळतात? सर्वव्यापी आवरक बीजगणित (युनिव्हर्सल एन्व्हेलपिंग अल्जेब्रा) घ्या आणि त्यातून गाभ्यावरच्या फलनांकडे जाणारे, सम भागाशी जुळवून घेणारे नकाशे घ्या. पॉइंकरे-बर्कहॉफ-विट प्रमेय सांगतं की आवरक बीजगणित म्हणजे सम भागाचं आवरक गुणिले विषम भागाचं बाह्य बीजगणित. मग उरतात ती गाभ्यावरची फलनं गुणिले विषम भागाच्या द्वैताचं (ड्युअल) बाह्य बीजगणित. हेच तर स्प्लिटचं रूप. म्हणून प्रत्येक संमिश्र ली सुपरग्रुप, सुपरमॅनिफोल्ड म्हणून पाहिला तर, स्प्लिट असतो. शिवाय विषम बंडलही क्षुल्लक, म्हणजे पूर्ण सपाट. यात कोहोमॉलॉजीचा अडथळा कुठेच येत नाही.

पण थांबा. हे विभाजन गुणाकाराला जपतं असं कोणी म्हटलेलं नाही. वरच्या १|१ उदाहरणात गुणाकाराच्या सूत्रात प·फ घुसलाच आहे. ही बारीक गोष्ट पुढे महागात पडते.

पायरी पाचवी: एकजिनसी म्हणजे नेमकं काय

सुपरग्रुपचा एक उप-सुपरग्रुप घेऊन भागलं की क्वोशंट मिळतो. त्यावरची फलनं म्हणजे मूळ ग्रुपवरची अशी फलनं, जी उपग्रुपच्या उजव्या क्रियेखाली बदलत नाहीत. दिलेला सुपरमॅनिफोल्ड असा क्वोशंट आहे का, हे ओळखण्यासाठी दोन गोष्टी तपासायच्या. एक, गाभ्याचा ग्रुप गाभ्यावर कुठूनही कुठेही पोहोचतो का. दोन, एखाद्या बिंदूपाशी ली सुपरबीजगणित पूर्ण स्पर्श अवकाश भरतं का, विषम भागासकट.

दुसरी अट विसरणं ही इथली नेहमीची चूक. प्रक्षेपी रेषा घ्या, तिच्यावर एक विषम चल, आणि विषम बंडल ओ(१): म्हणजे त′ = १/त, फ′ = त·फ. रेषेवर दोन बाय दोन मॅट्रिक्सांचा ग्रुप सगळीकडे पोहोचतो आणि बंडलालाही सांभाळतो. तरीही हा सुपरमॅनिफोल्ड एकजिनसी नाही. विषम दिशेला हलायचं तर उ(त)·∂/∂फ सारखं क्षेत्र हवं. ते फ′ ला उ(त)·त करतं, आणि त′ = ० पाशी याला टोक (पोल) फुटतं, उ कोणतंही घ्या. विषम दिशेला हलवणारं क्षेत्रच अस्तित्वात नाही. नियम असा निघतो: एकजिनसी असायचं तर विषम बंडलाच्या द्वैताला प्रत्येक बिंदूपाशी पुरेसे सार्वत्रिक छेद हवेत. आपल्या रेषेवर याचा अर्थ, विषम बंडलात ओ(−न) चेच तुकडे हवेत, न शून्य किंवा धन.

साधी उदाहरणं लगेच मिळतात. प्रक्षेपी सुपरअवकाश, म्हणजे काही सम आणि काही विषम समघाती निर्देशकांची गुणोत्तरं, एकजिनसी आणि स्प्लिट दोन्ही आहे. त्याचं विषम बंडल ओ(−१) च्या प्रती. संक्रमण सूत्रांत विषम चल एकेकटे येतात, जोडीने कधीच नाहीत, म्हणून तिथे शंकेला जागा नाही.

पायरी सहावी: वही उघडा, हे एक गणित पूर्ण करा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला ती. तीन सम समघाती निर्देशक क, ख, ग आणि दोन विषम च, छ घ्या. त्यांच्या प्रक्षेपी सुपरअवकाशात हे समीकरण लिहा:

क·ग − ख² = च·छ.

विषम भाग सोडला तर हा शांकव, म्हणजे प्रक्षेपी रेषाच. मिती १|२. क आणि ग दोन्ही शून्य असतील तर गाभ्यावर ख ही शून्य होतो, म्हणून क ≠ ० आणि ग ≠ ० हे दोन तुकडे पुरतात.

पहिल्या तुकड्यावर त = ख/क, प = च/क, फ = छ/क. समीकरणातून ग/क = त² + प·फ. दुसऱ्यावर त′ = ख/ग, प′ = च/ग, फ′ = छ/ग. आता भागून पाहा:

त′ = त/(त² + प·फ) = १/त − प·फ/त³

प′ = प/त²

फ′ = फ/त².

विषम ओळींत प·फ का दिसत नाही? कारण प·प·फ शून्य. या दोन ओळी सांगतात की विषम बंडल ओ(−२) ⊕ ओ(−२) आहे. सगळी गंमत पहिल्या ओळीच्या शेवटच्या पदात आहे.

ते पद निर्देशक बदलून घालवता येईल का? त च्या जागी त + अ(त)·प·फ घेऊ, त′ च्या जागी त′ + ब(त′)·प′·फ′. विषम निर्देशकांत तिसऱ्या घाताचं काही असूच शकत नाही, म्हणून एवढीच मोकळीक आहे. नवे निर्देशक पुन्हा साध्या «एक भागिले» संबंधात यावेत अशी अट घातली, की प·फ चे गुणक जुळवून हे उरतं:

अ(त)/त² + ब(१/त)/त⁴ = १/त³.

डावीकडचं पहिलं पद −२ आणि त्यावरच्या घाती देतं. दुसरं −४ आणि त्याखालच्या. उजवीकडे −३. नेमकी तीच घात दोघांच्या हातून सुटते. म्हणून पद जात नाही, आणि हा सुपरमॅनिफोल्ड स्प्लिट नाही. दुसऱ्या पायरीतलं सूत्र आठवा: २+२−३ = १. अडथळ्याच्या ग्रुपची ती एकुलती एक मिती म्हणजे ही −३ घात.

आता एकजिनसीपणा. ∂/∂फ हे पहिल्या तुकड्यावर निर्दोष आहे. दुसऱ्या तुकड्यावर ते काय करतं ते काढू. त′ वर चालवलं की −प·फ/त³ मधून, ते चोरटं उणे चिन्ह सांभाळून, प/त³ येतं, म्हणजे त′·प′. प′ वर शून्य. फ′ वर १/त², आणि हे त′² + २·प′·फ′ इतकं भरतं. सगळ्या बहुपदी, कुठेही टोक नाही. म्हणून हे क्षेत्र पूर्ण सुपरमॅनिफोल्डवर पसरतं. ∂/∂प चंही तसंच. दोन्ही मिळून विषम स्पर्श अवकाश भरतात, आणि गाभ्यावर शांकवाचा परिभ्रमण ग्रुप सगळीकडे पोहोचतोच.

ही क्षेत्रं आकाशातून पडलेली नाहीत. च·∂/∂ग − क·∂/∂छ हे क्षेत्र वरच्या समीकरणाला धक्का लावत नाही: क·ग मधून क·च येतं, च·छ मधूनही, चिन्ह सांभाळल्यास, क·च. पहिल्या तुकड्यावर ते −∂/∂फ होतं. समीकरण जपणाऱ्या सगळ्यांचा सुपरग्रुप म्हणजे ओएसपी(३|२), मिती ६|६. आपला सुपरमॅनिफोल्ड १|२ मितीचा, म्हणून एका बिंदूला धरून ठेवणारा उपग्रुप ५|४ मितीचा.

आणि खोट नेमकी इथेच आहे. त्या ५|४ मधल्या चारमध्ये. उपग्रुप पूर्णपणे सम असता, तर चौथ्या पायरीतलं विभाजन त्याच्या क्रियेखाली टिकलं असतं आणि क्वोशंटही स्प्लिट निघाला असता. अचल फलनं घात राखून निवडता येतात, काही बिघडत नाही. पण उपग्रुपमध्ये विषम दिशा आल्या की «या दिशेने बदलू नका» ही अट एका घाताची फलनं दुसऱ्या घातात मिसळते. ग्रुपवर जे विभाजन होतं ते खाली उतरत नाही. हे कळायला मला गणितापेक्षा जास्त वेळ लागला, म्हणून मुद्दाम सांगतोय: क्वोशंट स्प्लिट आहे का हे विचारताना आधी उपग्रुपच्या विषम भागाकडे पाहा, ग्रुपकडे नाही.

मात्र विषम भाग आला की क्वोशंट वाकडाच, असं उलट म्हणता येत नाही. प्रक्षेपी सुपरअवकाशाच्या उपग्रुपलाही विषम भाग असतो, तरी तो स्प्लिट आहे. आणि आपल्याच विषम बंडलाचा स्प्लिट नमुना, ज्यात त′ = १/त, तोही एकजिनसी आहे: तिथे ∂/∂फ मुळे फ′ चं त′² होतं, टोक नाही. गाभा तोच, बंडल तेच, दोन्ही एकजिनसी, तरी दोन वेगळे सुपरमॅनिफोल्ड.

यापुढे कुठे

पुढचा मुक्काम सुपरग्रासमानियन. युरी मानिन यांनी संमिश्र सुपरभूमितीत ते ठळकपणे आणले, आणि अर्काडी ओनिश्चिक यांनी व त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी एकजिनसी सुपरमॅनिफोल्डांचा पद्धतशीर अभ्यास केला. सगळ्यात लहान रंजक उदाहरण म्हणजे २|२ मितीच्या सुपरअवकाशातले १|१ मितीचे उपअवकाश. गाभा दोन प्रक्षेपी रेषांचा गुणाकार, मिती २|२, विषम बंडल म्हणजे ओ(−१,−१) च्या दोन प्रती (कंसातला पहिला आकडा पहिल्या रेषेचा, दुसरा दुसरीचा). अडथळ्याचा ग्रुप ओ(०,−२) आणि ओ(−२,०) यांतून येतो आणि तो २ मितीचा आहे. हा सुपरमॅनिफोल्ड स्प्लिट नाही, आणि कुठल्याच प्रक्षेपी सुपरअवकाशात बसत नाही. नेहमीचा ग्रासमानियन प्रक्षेपी अवकाशात बसतो हे ज्यांनी शिकून ठेवलं आहे त्यांना हा चांगलाच धक्का असतो.

हा वाकडेपणा फक्त गमतीचा आहे असंही समजू नका. २०१३ मध्ये रॉन डोनागी आणि एडवर्ड विटन यांनी दाखवलं की जीनस (भोकांची संख्या) ५ पासून पुढे सुपर रीमान पृष्ठांचा मॉड्युली अवकाश, म्हणजे अशा सगळ्या पृष्ठांचा मिळून होणारा अवकाश, प्रोजेक्टेड नाही: त्याला त्याच्या गाभ्यावर उतरवणारा होलोमॉर्फिक नकाशा नाही. प्रोजेक्टेड नसणं हे स्प्लिट नसण्याहूनही कडक. सुपरस्ट्रिंग सिद्धांतात तिथे संकलन करताना «आधी विषम चल संपवू, मग गाभ्यावर उतरू» हा सोयीचा मार्ग त्यामुळे सरसकट चालत नाही. तिथपर्यंत जायला वेळ लागेल. त्याआधी ग्रासमानियनचं गणित करा: दोन बाय दोनचा मॅट्रिक्स, कर्णावर सम त आणि स, कर्णाबाहेर विषम प आणि फ, हा एक तुकडा. शेजारच्या तुकड्यात जायला पहिला स्तंभ बदला, त ने भागा, आणि स च्या जागी काय येतं ते पाहा. तिथे प·फ/त सारखं एक पद वाट पाहत असेल. शांकवावर −३ घातीचं जे केलंत तेच त्या पदाचं करून बघा.